चांदभाई माथ्यावर उभे राहत

जुन्नरचे चांदभाई बैलांचे दलाल होते. त्यांच्या स्वतःच्या दारात शर्यतीचा बैल कधीच नव्हता. एक म्हातारा गाडीबैल आणि दोन शेळ्या, एवढीच जनावरं. शेळ्या त्यांनी मेहुण्याकडून घेतल्या होत्या आणि दोन्ही दूध देत नव्हत्या. बेल्ह्याच्या बाजारात कोणी मुद्दाम तो विषय काढला की चांदभाई शांतपणे म्हणत, "शेळीतलं मला काय कळतंय? आमी बैलाची माणसं."

अंगाने सडपातळ, रंगाने काळे, दाढी आखूड. खांद्यावर चौकड्यांचा रुमाल. बोलणं फार कमी. बाजारात बैल बघायचा असेल त्या दिवशी ते सकाळी काही खात नसत. पोट भरलं की सगळीच जनावरं बरी दिसतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

जुन्नर आणि आंबेगाव या भागांत बैलगाड्यांची शर्यत चढावर होते. डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत एक सरळ पट्टी साफ केलेली असते. खाली गाडा सुटतो, पुढे एक घोडीस्वार धावतो, त्याच्यामागे बैल उधळतात आणि गाडा वर पोचला की बारी संपते. सगळा खेळ काही श्वासांचा. माथ्यावर चढ संपतो तिथे बैलांचा वेग आपोआप पडतो. वर थांबलेली माणसं धावत जाऊन त्यांना धरतात. गुलाल उधळतात तोही तिथेच. बैलाला थांबायला कोणी शिकवत नाही. तशी गरज पडत नाही.

चांदभाईंची बैल निवडण्याची पद्धत या शर्यतीतूनच आलेली होती. बाकीचे लोक दात बघत, शिंगं बघत, वशिंडावर थाप मारत. चांदभाई बैलाच्या मागे जाऊन बसत आणि पाय बघत. मग बाजाराबाहेरच्या चढावर बैल न्यायला लावत आणि स्वतः माथ्यावर जाऊन उभे राहत. बैल त्यांच्या दिशेने पळत येई. ते हलत नसत. एकदा मी विचारलं की खालून का बघत नाही. ते म्हणाले, "खालून बघितला तर बैल पळताना दिसतो. वरनं बघितला की त्याचा दम दिसतो."

त्यानंतर ते एकच शब्द बोलत. "घ्या" किंवा "ऱ्हाऊ द्या". कारण सांगत नसत. विकणाऱ्यांना हे आवडत नसे. नगरकडचा एक व्यापारी एकदा तेल चोळून चकचकीत केलेला खोंड घेऊन आला होता.

"राव, ह्याला लई जणांनी मागितलाय," तो म्हणाला.

"मग दिला का न्हाई?" चांदभाईंनी विचारलं.

आजूबाजूची माणसं हसली. व्यापारी खोंड घेऊन बाजाराच्या दुसऱ्या टोकाला गेला.

त्यांच्या शब्दाची किंमत त्यांनी स्वतः मोजलेली होती. त्यांच्या मुलीच्या सासऱ्यांनी एक वर्षी बैल विकायला काढला. गिऱ्हाईक चांदभाईंना घेऊन आलं. सासऱ्यांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं की घरचं जनावर आहे, सांभाळून घ्या. चांदभाई माथ्यावर उभे राहिले, बैल आला, आणि ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." त्या ईदला मुलगी माहेरी आली नाही. त्यांची बायको दारात बसून म्हणाली, "एक लफ्ज इधर का उधर बोलते तो क्या बिगडता था?" चांदभाई उठून गाडीबैलाला चारा टाकायला गेले. मी तिथे होतो म्हणून कदाचित. पण एरवीही उत्तर दिलं असतं असं वाटत नाही.

मी मूळचा मंचरचा. पुण्याच्या एका साप्ताहिकात बातमीदार होतो आणि बाजाराची खबर घ्यायला बेल्ह्याला जात असे. ओळख तिथली.

निरगुडसरच्या एका बागायतदार घराण्याचे सगळे बैल चांदभाईंनी निवडलेले होते. घरात दोन भाऊ. थोरले तात्याबा, त्यांना सगळे तात्या म्हणत. सावध माणूस. धाकटा रंगनाथ, पंचविशीचा. गाड्याच्या पुढे घोडी फेकणारा रंगनाथच. मागे उधळलेले बैल आणि पुढे हा, अशा अवस्थेत तो मागे वळून बघत हसत असे. चांदभाईंना तो चाचा म्हणायचा. लहानपणी त्यांच्याच खांद्यावर बसून त्याने बेल्ह्याचा बाजार बघितला होता.

पहिली मोठी लढाई संपल्यावर पुण्याच्या कॅम्पात फटफट्या विकायला आल्या. काही लष्करातून निघालेल्या, काही विलायतेहून आणलेल्या. पुण्यातल्या काही हौशी मंडळींनी नाशिक रस्त्यावर त्यांची शर्यत ठरवली. मंचरहून निघायचं, पेठेचा डोंगर चढायचा, माथ्यावर ठेवलेल्या पिंपाला वळसा घालून परत मंचर. कोणालाही भाग घेता येत होता. फटफटी स्वतःची हवी, एवढीच अट.

रंगनाथाने ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी तो जुन्नरला चांदभाईंच्या दारात गेला. त्यानंतरच्या आठवड्यात निरगुडसरच्या पडवीत बैठक झाली. मला बोलावलं होतं, कारण कॅम्पातलं दुकान मला माहीत होतं.

"मला लोखंडातलं काय कळतंय?" चांदभाई म्हणाले. "त्याला ना रग ना रगत."

"चाचा, पळतंय न्हवं?" रंगनाथ म्हणाला. "पळणाऱ्यातलं तुमच्यावाचून कोणाला कळतंय? तुमी आला न्हाई तर मी बी घेत न्हाई."

"मग नको घेऊस. बरंच हाय."

"चाचा!"

तात्या हसले. रंगनाथ पाणी आणायला आत गेला, तेव्हा ते खाली वाकून हलक्या आवाजात म्हणाले, "चांदभाई, तुमी जावा त्याच्यासंगं. तो माझं ऐकत न्हाई, तुमचं ऐकतो. सगळ्या बघा. आन् ऱ्हाऊ द्या म्हणा."

चांदभाईंनी त्यांच्याकडे बघितलं.

"सगळ्यालाच ऱ्हाऊ द्या म्हणा," तात्या म्हणाले. "एवढं माझ्यासाठी करा."

"बघतो," चांदभाई म्हणाले.

ते हो म्हणाले, असं तात्यांनी धरलं. मीही तसंच धरलं होतं.

कॅम्पातल्या दुकानाचे मालक एक पारशी शेठजी होते. स्वभावाने मोकळे. त्यांनी दोन गाड्या पुढे काढल्या. पहिली लष्करातली, जड, साखळीवर चालणारी, ब्रेक पक्के. दुसरी शर्यतीसाठीच बांधलेली, दोन सिलिंडरची पण अंगाने हलकी. तिच्या मागच्या चाकाला चामड्याचा पट्टा होता आणि थांबवण्यासाठी पायाने दाबायचा एक ठोकळा. रंगनाथाची नजर दुसरीवरून हलली नाही.

चांदभाई सकाळपासून जेवले नव्हते. ते दोन्ही गाड्यांच्या मागे जाऊन उकिडवे बसले. टायरवरून तळवा फिरवला. सिलिंडरला हात लावला आणि गरम का नाही म्हणून विचारलं. मग त्यांनी जवळपास चढ कुठे आहे याची चौकशी केली.

शेठजींच्या माणसाने दोन्ही गाड्या शहराबाहेरच्या एका चढावर आणल्या. चांदभाई चालत वर गेले आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. माणूस म्हणाला, "बाबा, बाजूला व्हा." ते झाले नाहीत. पहिली गाडी वर येताना अर्ध्यातच तिचा आवाज जड झाला. दुसरी आली तेव्हा आवाज शेवटपर्यंत एकसारखा होता. चांदभाई डोळे मिटून ऐकत होते. गाडी त्यांना वळसा घालून पुढे गेली. त्यांनी ती परत आणायला लावली आणि पुन्हा ऐकलं.

मी शेठजींच्या शेजारी उभा होतो. शेठजी म्हणाले, "फास्ट तर हीच. पण डोंगर उतरताना हिला आवरायला वांधा होते. ती दुसरी धीमी, पण ऐकेल."

चांदभाई खाली आले होते. त्यांनी विचारलं, "शर्यत वर जाताना जिंकत्यात का खाली येताना?"

शेठजींनी थोडा विचार केला. "वर जाताना. खाली येताना सगळे सारखेच."

प्रश्न सरळ होता आणि उत्तर खरं होतं. चांदभाई हलक्या गाडीकडे बघत राहिले. मला वाटलं आता ते तात्यांचा शब्द पाळतील. रंगनाथ त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"घ्या," चांदभाई म्हणाले.

मग सवयीने त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून हातावर पसरला आणि हात शेठजींपुढे धरला. बेल्ह्याच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली बोटं धरून ठरवतात. शेठजींना ते माहीत नव्हतं. त्यांनी रुमालासकट हात धरला आणि जोरात हलवला. "साहेबजी, साहेबजी!"

रंगनाथ रस्त्यातच बसून हसला. "चाचा, ह्यो सौदा झाला का सोयरीक?"

परतताना टांग्यात मी चांदभाईंना विचारलं की तात्यांना काय सांगणार. ते म्हणाले, "बैल चांगला आसंल तर वाईट कसा म्हणू?" त्यांनी बैल म्हटलं. चूक त्यांच्या लक्षात आली नाही आणि मीही दाखवली नाही.

तात्यांनी ऐकून घेतलं. फटफटी गोठ्याशेजारी बैलांच्याच जागेत ठेवली. घरातल्या बायकांनी तिच्या पुढच्या चाकाला हळदीकुंकू लावलं. रंगनाथ रोज पहाटे पेठेच्या डोंगराकडे जायचा आणि चढ चढून यायचा. उतरताना सावकाश यायचा, गाडी तापू नये म्हणून.

शर्यतीच्या दिवशी अवसरी, मंचर, निरगुडसर आणि पेठेकडची माणसं डोंगराच्या माथ्यावर जमली. चटणीभाकरीची फडकी बांधून आली होती. हलगीवाले आले होते. खालच्या वळणांवर कोणीच नव्हतं. हे त्या वेळी कोणाला चमत्कारिक वाटलं नाही. शर्यत बघायची ती माथ्यावर, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मीही माथ्यावरच होतो. चांदभाई पिंपाच्या पुढे, रस्त्याच्या कडेला उभे होते. बरोबर तात्या.

आवाज आधी आला. खाली धूळ दिसली. पुण्याच्या मंडळींच्या गाड्या चढावर एकेक करून मागे पडत होत्या. शेवटच्या वळणावर रंगनाथ एकटाच पुढे होता आणि त्याच्या गाडीचा आवाज शेवटपर्यंत एकसारखा होता. माणसं ओरडायला लागली. "भिर्रर्र! झाली रं झाली!" तो माथ्यावर पोचला तेव्हा हलगी सुरू झाली होती. काही जण सवयीने गाडी धरायला धावले. त्याने हात हलवून त्यांना बाजूला केलं. तो पिंपाला वळसा घालत असताना दोन्ही बाजूंनी गुलालाच्या मुठी पडल्या. त्याचं तोंड, छाती, हात, सगळं लाल झालं. तो हसत होता. मग तो उताराला लागला आणि वळणाआड गेला.

"जिंकली," कोणीतरी तात्यांना म्हणालं. तात्यांच्या पागोट्यावर गुलाल टाकला. लोक फडकी सोडून भाकरी खायला बसले. मागून आलेल्या गाड्या पिंपाला वळसा घालून खाली जात होत्या. त्यांच्याकडे फारसं कोणी बघत नव्हतं.

रस्त्याच्या कामावरचा एक माणूस चालत वर आला. दुसऱ्या वळणाच्या खाली गाडी गेलीय म्हणाला. कोणाची ते त्याला माहीत नव्हतं. "लाल माणूस हाय," एवढंच म्हणाला.

रंगनाथ निवडुंगाच्या कुंपणापलीकडे दगडांत पडला होता. आम्ही पोचलो तेव्हा जीव गेलेला होता. तो पडताना कोणीही बघितलं नव्हतं. गुलाल डोळ्यांत गेला होता का, हे मी नंतर पुष्कळांना विचारलं. गुलाल कोणी टाकला ते कोणाला आठवत नव्हतं.

तात्यांनी भावाचं डोकं मांडीवर घेतलं. बैलगाडी मागवली गेली. ती येईपर्यंत आणि ती गेल्यावरही चांदभाई रस्त्यावरच उभे होते. गाडी निघाली तेव्हा ते बरोबर गेले नाहीत. फटफटी खाली आडवी पडली होती. शर्यतीला आलेला शेठजींचा माणूस ती बघायला उतरला, तेव्हा चांदभाई त्याच्या मागोमाग उतरले.

"थांबवायचं ते कुठं असतं?" त्यांनी विचारलं.

माणसाने मागच्या चाकाजवळचा ठोकळा दाखवला. घासून घासून तो काळा पडला होता आणि त्याला जळका वास येत होता. चांदभाईंनी त्यावर अंगठा दाबला.

"एवढंच?"

"एवढंच."

चांदभाईंनी अंगठा धोतराला पुसला. पुन्हा लावून बघितला.

मी त्या रात्री बातमी लिहिली. संपादकांनी ती दोन ओळींची केली. शर्यतीचा निकाल त्यात आला. वर्षभराने कोणी तो विषय काढत नव्हतं.

चांदभाईंना कोणी दोष दिला नाही. गाडी सगळ्यांत वेगवान होती, हे माथ्यावरच्या सगळ्यांनी बघितलं होतं. पण त्यानंतर बैल निवडायला त्यांना कोणी बोलावलंही नाही. ते बाजाराला येत, चहावाल्याच्या पालाखाली बसत, उन्हं कलली की जात. जाणकार माणसं त्यांच्याशी पावसापाण्याचं बोलत. बैलाचं बोलत नसत. दलालाचा धंदा अशा रीतीने बंद होतो आणि तो बंद झाला असं कोणी जाहीर करत नाही. तो पुन्हा सुरू करू शकेल असा एकच माणूस होता, हेही बाजाराला ठाऊक होतं.

पुढच्या हंगामाच्या आधी तात्यांनी जुन्नरला निरोप धाडला की बाजाराला येतोय, एक खोंड बघायचाय, तुम्ही हवेत. निरोप पोचायच्या आधी बातमी बेल्ह्याला पोचली होती. त्या दिवशी मी बाजारात होतो. तात्या सगळ्यांच्या देखत चहावाल्याच्या पालापाशी गेले आणि म्हणाले, "उठा चांदभाई. आपल्याला काम हाय."

दोघं रांगेतून चालत गेले. माणसं बाजूला झाली. तात्यांना जनावरातलं कळत नसे, ते स्वतःच तसं म्हणत. ते एका तांबड्या खोंडापाशी थांबले. खोंड दिसायला देखणा होता. विकणाऱ्याने तो चढावर नेऊन पळवून दाखवला. चांदभाई वर गेले नाहीत. तात्यांच्या शेजारी खालीच उभे राहिले. खोंड परत आणला तेव्हा त्यांची नजर त्याच्या पुढच्या उजव्या गुडघ्यावर गेली आणि तिथेच राहिली. गुडघा किंचित सुजलेला होता. ते दिसत असल्याचं मला त्यांच्या तोंडावरून कळलं. तात्याही त्यांच्याच तोंडाकडे बघत होते.

"काय म्हणता?" तात्यांनी विचारलं.

चांदभाईंनी नजर गुडघ्यावरून काढली. भोवतीची माणसं जवळ सरकली.

"तुमाला आवडला न्हवं?" ते म्हणाले.

"आवडलाय."

"मग तुमच्या पसंतीला मी काय बोलायचं?"

बाजारातले बाकीचे दलाल हे वाक्य दिवसातून कितीदा तरी बोलतात. चांदभाईंच्या तोंडून ते मी पहिल्यांदा ऐकलं. तात्यांनी मान हलवली आणि खोंड घेतला.

दुपारी ते दोघं पायी निरगुडसरकडे निघाले. मलाही मंचरकडे जायचं होतं. मी मागून एका बैलगाडीत होतो. कुकडी नदीपर्यंत वाट एकच. खोंड मधे, एका बाजूला तात्या, दुसऱ्या बाजूला चांदभाई. कासरा तात्यांच्या हातात. नदीकडचा उतार लागला तसा खोंड लंगडू लागला. आधी थोडा, मग पाऊल टाकायलाच तयार होईना. दोघंही थांबले.

"पाय धरतोय जरा," तात्या म्हणाले.

"दमलाय," चांदभाई म्हणाले.

"व्हय. दमला आसंल."

माझ्या गाडीवानाने बैल बाजूने काढले. आम्ही त्यांना मागे टाकून पाण्यात उतरलो. पलीकडच्या काठावरून मी बघितलं तेव्हा ते अजून उतारावरच होते. तात्यांनी कासरा सैल सोडला होता. चांदभाई खोंडाच्या खांद्याला खांदा लावून त्याचं वजन अंगावर घेत होते आणि एकेक पाऊल त्याला खाली आणत होते.